शेवटचे चार सेकंद : ऑनलाइन लिलावात उशिरा येणारी बोली

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय मी शोधलेला नाही, तो चालत आला. गेल्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ भेटायला थांबले. सत्तरीच्या घरातले. जुनी चित्र-पोस्टकार्डं जमवतात, त्यातही मुंबईची. परदेशातल्या एका विक्रेत्यानं व्हिक्टोरिया टर्मिनसचं एक जुनं कार्ड ऑनलाइन लिलावाला ठेवलं होतं. लिलाव सात दिवसांचा. यांनी पहिल्याच दिवशी बोली लावली आणि सहा दिवस यांचीच बोली सगळ्यात वर होती. शेवटच्या दिवशी पहाटे उठून, चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसले. घड्याळ उलटं चाललेलं. दहा, नऊ, आठ... चार सेकंद उरले असताना आकडा बदलला. कोणीतरी वर गेलं. हे नवा आकडा टाइप करेपर्यंत समोर आलं, 'लिलाव संपला'.

ते मला म्हणाले, "सर, सहा दिवस मी रांगेत उभा, आणि हा माणूस शेवटच्या क्षणाला मध्ये घुसला. ही फसवणूक नाही का?"

मी त्यांना तिथे उत्तर दिलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी या, आपण नीट बघू. ते आज आलेले आहेत. तेव्हा हे व्याख्यान एका अर्थी त्यांना दिलेलं उत्तर आहे.

या प्रकाराला इंग्रजीत स्नायपिंग म्हणतात. स्नायपर म्हणजे लपून बसून नेम धरणारा बंदूकधारी. नावातच आरोप आहे, बघा. आपल्याला आज तपासायचंय ते हे, की हा आरोप त्या माणसावर करायचा, की लिलावाच्या नियमावर.

लिलाव संपतो कधी?

लिलाव आपल्याला नवा नाही. बाजार समितीत कांद्याचा होतो, उत्सवानंतर देवाला वाहिलेल्या नारळाचा होतो, विदर्भात त्यालाच हर्रास म्हणतात. आता जरा आठवून सांगा, हे लिलाव संपतात कसे? पुकारणारा म्हणतो, "एक वार... दोन वार... तीन वार." आणि मग हातोडा पडतो, किंवा टाळी वाजते.

या तीन शब्दांचं काम काय? आपल्याला वाटतं, वातावरणनिर्मिती. पण तसं नाही. ती एक सोय आहे. 'दोन वार' म्हटल्यावर कोणी नवी बोली दिली, तर मोजणी पुन्हा 'एक वार'पासून सुरू होते. म्हणजे काय, तर तुमच्या बोलीनंतर समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळणारच. तुम्ही कितीही उशीर करा, शेवटचा शब्द चोरता येत नाही. लिलाव घड्याळावर संपत नाही, सगळे गप्प झाल्यावर संपतो.

आता ईबेकडे या. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावानं हे संकेतस्थळ सुरू केलं. पहिली विकली गेलेली वस्तू म्हणून जी सांगतात, ती होती एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. मोडकं ते विकत घेणाराही असतो, हा संग्राहकांच्या जगाचा पहिला धडा! तर इथे हातोडा घेऊन उभा राहणारा माणूस नव्हता. एकाच वेळी असंख्य लिलाव चालणार, प्रत्येकापाशी माणूस कुठून आणणार? म्हणून नियम ठरला, लिलाव अमुक दिवशी, अमुक वाजून अमुक मिनिटं, अमुक सेकंदांनी संपेल. 'तीन वार' गेलं, घड्याळ आलं. आणि घड्याळ आल्याबरोबर शेवटचा सेकंद ही एक मौल्यवान जागा तयार झाली.

मेणबत्ती आणि धूर

हे इंटरनेटमुळे झालं असं समजू नका. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लिलाव होत असे. इंचभर मेणबत्ती पेटवायची. ज्योत विझली की लिलाव संपला, आणि विझायच्या आधीची शेवटची बोली जिंकली. कल्पना चांगली होती. मेणबत्ती नेमकी कधी विझेल हे कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा शेवटचा क्षण कोण पकडणार?

पण पकडणारा निघालाच. सॅम्युएल पीप्स हे इंग्रजी नौदलाच्या कारभारातले अधिकारी, त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १६६२ च्या सप्टेंबरात जुनी जहाजं अशा मेणबत्तीवर विकली जात होती. पीप्स यांच्या लक्षात आलं, की एक माणूस नेमक्या वेळी बोली लावतो. त्याला विचारलं तेव्हा त्यानं गुपित सांगितलं : ज्योत विझायच्या बेतात आली की धूर वर जायच्या ऐवजी खाली वळतो. तो ज्योतीकडे बघतच नव्हता, धुराकडे बघत होता.

ईबेच्या तीनशे तेहेतीस वर्षं आधीचा हा स्नायपर. तेव्हा पहिली गोष्ट पक्की करून टाकू. लिलावाला ठरलेला शेवट असला, की त्या शेवटावर नजर लावून बसणारा माणूस येतोच. तो वाईट म्हणून येत नाही. नियम त्याला बोलावतो.

यंत्र तुमच्या वतीनं बोलतं

आता थोडं गणित. घाबरू नका, पाढ्यांच्या पुढे जाणार नाही.

ईबेवर तुम्ही बोली लावता तेव्हा तुम्ही भरलेला आकडा ही तुमची कमाल मर्यादा असते. ती इतरांना दिसत नाही. यंत्र तुमच्या वतीनं, गरज पडेल तेवढंच, एकेक पायरी चढत जातं. याला प्रॉक्सी बिडिंग म्हणतात. समजा, तुम्ही १८० डॉलर भरलेत, दुसऱ्या कोणी १५० भरलेत. तर तुम्हाला वस्तू १८० ला नाही, १५२.५० ला मिळते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची मर्यादा, अधिक एक पायरी. शंभर ते अडीचशे डॉलरच्या टप्प्यात ही पायरी अडीच डॉलरची.

ही कल्पना कोणाची? अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाव येतं विल्यम विकरी यांचं. आडनाव विकरी, आणि विषय विक्री, हा निव्वळ योगायोग. त्यांचा या विषयावरचा लेख १९६१ सालचा. १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते गेले. त्यांनी दाखवलं ते असं : बंद पाकिटातून बोली घ्या, सगळ्यात जास्त बोलीवाल्याला वस्तू द्या, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी घ्या. असं केलं, तर प्रत्येकाला आपली खरी किंमत लिहिणंच फायद्याचं ठरतं. कमी लिहून काही वाचत नाही, कारण तुम्ही काय भरणार हे तुमच्या आकड्यावर ठरतच नाही. कमी लिहिलंत तर फक्त हरण्याची शक्यता वाढते.

पण गंमत अशी, की पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना हे अर्थशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थॅम्प्टन गावी १८९३ साली तिकिटांचा असा लिलाव झाल्याची नोंद आहे. बोली टपालानं मागवायची आणि जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या हिशेबानं पैसे द्यायचे. कारण साधं होतं. लांबच्या गावातला संग्राहक लिलावाला येऊ शकत नाही. त्यानं पत्रातून मोठा आकडा कळवला, म्हणून तेवढे सगळे पैसे त्याच्याकडून उकळायचे, हे बरं दिसत नाही. तो स्वतः हजर असता तर कुठे थांबला असता, तेवढेच घ्यावेत. ईबेचं प्रॉक्सी यंत्र म्हणजे त्या टपालाच्या बोलीचाच पुढचा अवतार.

आता इथे एक कोडं पडतं. विकरींचं म्हणणं खरं असेल, तर बोली कधी लावली यानं काहीच फरक पडायला नको. पहिल्या दिवशी आपली खरी मर्यादा भरा आणि झोपा. मग लोक पहाटे उठून चार सेकंदांची वाट का बघतात?

काका आणि ताई

एक उदाहरण घेऊ. एका पोस्टकार्डावर दोघांचा डोळा आहे. काका त्यासाठी दीडशे डॉलरपर्यंत जायला तयार आहेत. ताईंची मर्यादा एकशेवीस. विकरींच्या हिशेबानं कार्ड काकांनाच मिळायला हवं.

पण काका दीडशे भरत नाहीत. काका म्हणतात, "आत्ताच कशाला सगळे पत्ते उघडायचे? सध्या एकशेपाच टाकू. कोणी वर गेलं तर बघू." हे आपल्या सगळ्यांच्या स्वभावात आहे. भाजीवाल्याकडेसुद्धा आपण पहिल्या फटक्यात खरा आकडा सांगत नाही.

आता ताईंनी आपले एकशेवीस तीन दिवस आधी भरले, तर काय होईल? काकांना निरोप येईल, 'तुमच्या वर बोली लागली आहे'. काका एकशेदहा टाकतील, यंत्र ताईंसाठी वर जाईल. काका एकशेपंधरा टाकतील, पुन्हा तेच. असं करत करत काका एकशेवीसच्या पुढे जातील आणि कार्ड साधारण १२२.५० ला घेऊन जातील. ताई हरल्या.

आणि ताईंनी तेच एकशेवीस पाच सेकंद उरले असताना भरले, तर? यंत्राकडे काकांचे फक्त एकशेपाच आहेत. ताई १०७.५० ला जिंकल्या. काकांच्या खिशात दीडशे होते, पण ते यंत्राला सांगितलेले नव्हते. ते सांगायला वेळ उरला नाही.

तिसरी शक्यता बघा. काकांनी पहिल्याच दिवशी दीडशे भरले असते, तर? ताईंनी शेवटच्या सेकंदाला काहीही केलं, तरी यंत्रानं डोळ्याची पापणी लवायच्या आत काकांच्या वतीनं १२२.५० म्हटलं असतं. काका झोपेत जिंकले असते.

म्हणजे काय, तर शेवटच्या सेकंदाची बोली तुमच्या खऱ्या मर्यादेला हरवू शकत नाही. ती हरवते तुमच्या 'बघू पुढे'ला. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर ही न्या.

जाणकार माणूस गप्प का बसतो

पण एवढ्यानं कोडं पूर्ण सुटत नाही. संग्रहाच्या वस्तूंचं एक वेगळं दुखणं आहे. कॉम्प्युटरची किंमत दुकानात जाऊन बघता येते. जुन्या नाण्याची, तिकिटाची, पोस्टकार्डाची किंमत कुठे लिहिलेली असते? ती जाणकारांच्या डोक्यात असते.

समजा, एका जुन्या नाण्याचा फोटो आहे, वर्णन त्रोटक आहे, विक्रेत्याला स्वतःलाच नीट माहिती नाही. त्यावरचं बारीकसं चिन्ह बघून एका जाणकाराला कळलं, की ही दुर्मीळ टांकसाळ आहे. त्यानं पहिल्या दिवशी बोली लावली, की बाकीचे म्हणणार, "अरे, हे नेहमी अचूक घेतात. यांना यात काहीतरी दिसलंय." म्हणजे त्याची बोली हीच एक बातमी ठरते. वीस वर्षं अभ्यास करून कमावलेली नजर तो फुकट वाटून टाकतो. म्हणून तो शेवटच्या सेकंदापर्यंत गप्प बसतो. यात फसवणूक कुठे आहे, सांगा? तो आपलं ज्ञान राखतोय.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. बनावट गिऱ्हाईक. विक्रेता स्वतःच, दुसऱ्या नावानं किंवा मित्राकडून, आपल्याच वस्तूवर बोली लावतो आणि भाव चढवतो. ईबेच्या नियमांत याला बंदी आहे, पण होतं. २००० साली ईबेवर एक चित्र गाजलं होतं. विक्रेत्यानं ते नामवंत अमेरिकन चित्रकार रिचर्ड डिबेनकॉर्न यांचं असावं असा आभास निर्माण केला. बोली २५ सेंटपासून सुरू झाली आणि १ लाख ३५ हजार डॉलरच्या वर गेली. मग उघडकीला आलं, की विक्रेता आणि त्याचे साथीदार एकमेकांच्या लिलावांत बोली लावत होते. व्यवहार रद्द झाला, खटला झाला, विक्रेत्यानं गुन्हा कबूल केला.

आता विचार करा. तुम्ही पहिल्या दिवशी १८० भरून ठेवलेत. बनावट गिऱ्हाइकाला तुमचा आकडा दिसत नाही, पण त्याच्याकडे सात दिवस आहेत. तो ११० टाकून बघेल, १२० टाकून बघेल, १४० टाकून बघेल. प्रत्येक वेळी तुम्हीच वर राहता, आणि प्रत्येक वेळी तुमचं बिल वाढतं. तुम्ही पाच सेकंद उरले असताना आलात, तर त्याला चाचपडायला वेळच नाही. इथे उशिराची बोली ही चोराची नाही, चोरापासून बचाव करणाऱ्याची आहे.

एकाच जगात दोन नियम

तुम्ही म्हणाल, ही सगळी कारणं ठीक, पण नियमामुळेच होतं याला पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो योगायोगानं मिळाला.

१९९९ साली ॲमेझॉननंही लिलाव सुरू केले होते. आज फार जणांना आठवत नाही, कारण ते पुढे बंद पडले. पण त्यांचा नियम वेगळा होता. शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, तर तिथून पुढे आणखी दहा मिनिटं लिलाव वाढायचा. पुन्हा बोली आली, तर पुन्हा दहा मिनिटं. म्हणजे आपलं 'एक वार, दोन वार, तीन वार', फक्त यंत्राच्या भाषेत.

अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या लिलावांच्या नोंदी तपासल्या. काही लिलाव कॉम्प्युटरचे, काही जुन्या संग्राह्य वस्तूंचे. त्यांचा लेख २००२ साली आला. याच रॉथ यांना पुढे २०१२ साली नोबेल मिळालं, मात्र वेगळ्या कामासाठी. निष्कर्ष असा : शेवटच्या पाच मिनिटांत शेवटची बोली आली, असे लिलाव ईबेवर कॉम्प्युटरच्या बाबतीत सुमारे ४० टक्के आणि जुन्या वस्तूंच्या बाबतीत सुमारे ५९ टक्के. ॲमेझॉनवर मूळ ठरलेल्या वेळेच्या हिशेबानं पाहिलं, तर दोन्हींत जेमतेम ३ टक्के.

यात दोन गोष्टी बघा. एक, ईबेवर जुन्या वस्तूंत उशीर जास्त. आत्ताच आपण म्हटलं ना, जाणकार गप्प बसतो, ते इथे दिसतं. दुसरी गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. ईबेवर माणूस जितका अनुभवी, तितकी त्याची बोली उशिरा. ॲमेझॉनवर मात्र अनुभवी माणूस उलट लवकर बोली लावत होता. माणसाचा स्वभाव दोन्हीकडे तोच, बरं का. पण एका नियमानं त्याला एक शिकवलं, दुसऱ्यानं दुसरं.

यावर शंका घेता येते. दोन्हीकडचे ग्राहक वेगळे असतील, वस्तू वेगळ्या असतील. म्हणून पुढे डॅन अरिएली, ओकेनफेल्स आणि रॉथ यांनी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना बसवून लिलाव घडवले. सगळं सारखं, फक्त शेवटाचा नियम वेगळा. तो लेख २००५ चा. तिथेही तेच दिसलं. ठरलेल्या वेळी संपणाऱ्या लिलावात उशिराच्या बोली आल्या आणि सरावानं त्या वाढत गेल्या. वाढणाऱ्या वेळेच्या लिलावात विक्रेत्याच्या हाती पैसेही थोडे जास्त पडले.

मग हरतो कोण?

पहिला हरतो विक्रेता. आपल्या उदाहरणात त्याला १२२.५० मिळू शकत होते, मिळाले १०७.५०. पंधरा डॉलर शेवटच्या सेकंदानं खाल्ले. दुसरे हरले काका, ज्यांना ते कार्ड जास्त हवं होतं. आणि कधीकधी हरतो तो स्वतः स्नायपरच. बोली पाठवली आणि इंटरनेट अडकलं, संपलं. रॉथ-ओकेनफेल्स यांनी उशिरा बोली लावणाऱ्यांना प्रश्नावली पाठवली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, की एकदा तरी आपली बोली पोचायच्या आत लिलाव संपला होता.

म्हणून जिथे मोठा पैसा असतो, तिथे घड्याळाला सैल सोडत नाहीत. वर्तमानपत्रात बँकांच्या जप्त मालमत्तेच्या ई-लिलावाच्या जाहिराती येतात. त्यातला बारीक टाइप वाचा. बहुतेक ठिकाणी 'ऑटो एक्स्टेन्शन' लिहिलेलं सापडेल, शेवटच्या काही मिनिटांत बोली आली तर तेवढी मिनिटं वाढवून मिळतील. मुंबईच्या सॅफ्रनआर्टच्या ऑनलाइन चित्रलिलावातही शेवटी बोली आली की वेळ वाढते. आणि जपानच्या याहू लिलावात तर वेळ वाढवायची की नाही, हे विक्रेता स्वतः ठरवू शकतो.

आपल्याकडे हे वारं पोचलं ते मुंबईतून. २००० साली सुरू झालेलं बाझी डॉट कॉम २००४ साली ईबेनं विकत घेतलं आणि त्याचं ईबे इंडिया झालं. २०१८ साली तेही बंद झालं. त्यानंतर आपले पुष्कळ संग्राहक परदेशी ईबेवर जातात, आणि तिथे आणखी एक अडचण येते. कॅलिफोर्नियात रविवारी संध्याकाळी सहाला संपणारा लिलाव आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला संपतो. हे उन्हाळ्यात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, मग आपल्याकडे साडेसात. त्या आठवड्यात एका तासानं चुकणारे पुष्कळ.

मग करायचं काय?

थोडक्यात सांगतो.

बोली लावायच्या आधी आकडा कागदावर लिहा. "हे दुसऱ्याला एवढ्याला मिळालं तर मला चुटपुट लागणार नाही," असा आकडा. त्यात टपालखर्च, कस्टमची ड्यूटी आणि डॉलरचा भाव धरा. नाहीतर शंभर डॉलरचं कार्ड घरी येईपर्यंत भलत्याच किमतीचं होतं.

तोच आकडा यंत्रात भरा. अर्धा नाही. वस्तू सगळ्यांना ठाऊक असलेली असेल, विक्रेता विश्वासू असेल आणि तुम्हाला जागायचं नसेल, तर आधी भरा. तुम्हाला काही विशेष दिसलं असेल किंवा भाव संशयास्पद चढत असेल, तर शेवटी भरा. वेळ बदला, आकडा बदलू नका.

आकडा थोडा आडनिडा ठेवा. लोक १५० वर थांबतात. तुम्ही १५१.५१ लिहिलेत, तर दीड डॉलरनं कार्ड तुमचं. आणि दोघांचे आकडे अगदी सारखे असतील, तर ईबेवर आधी भरणारा जिंकतो, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या वतीनं शेवटच्या सेकंदाला बोली लावणारी सॉफ्टवेअर मिळतात. ईबे उशिराच्या बोलीला मनाई करत नाही. पण अशा सेवेला तुमचा पासवर्ड द्यावा लागत असेल, तर घराची किल्ली कोणाला देतोय याचा विचार करा.

आणि हरल्यावर लगेच दुसऱ्या लिलावात उट्टं काढायला जाऊ नका. सगळ्यात महागडी खरेदी तेव्हाच होते.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सगळ्यांनीच शेवटच्या सेकंदाला बोली लावायचं ठरवलं, तर?

उत्तर : छान प्रश्न आहे. तर मग कोणालाच कोणाची बोली दिसणार नाही, उत्तर द्यायला वेळ उरणार नाही, प्रत्येकजण एकदाच आपला खरा आकडा लिहील आणि जिंकणारा दुसऱ्याच्या हिशेबानं पैसे देईल. हे काय झालं? १८९३ सालची ती टपालाची बोलीच झाली. सात दिवसांचा खुला लिलाव शेवटच्या पाच सेकंदांत बंद पाकिटाचा होतो.

प्रश्न : ॲमेझॉनचा नियम चांगला होता, तर त्यांचे लिलाव बंद का पडले आणि ईबे का टिकली?

उत्तर : बाजार नुसत्या नियमावर चालत नाही. विकणारा तिथे जातो जिथे घेणारे आहेत, घेणारा तिथे जातो जिथे माल आहे. ईबेवर दोघेही आधीपासून होते. शिवाय ठरलेल्या वेळेचा एक फायदाही आहे, कधी मोकळे होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाढत जाणाऱ्या लिलावात रात्री दोनपर्यंत बसावं लागू शकतं.

प्रश्न (पोस्टकार्डवाले गृहस्थ) : म्हणजे सर, मी हरलो ती माझीच चूक?

उत्तर : चूक म्हणणार नाही. तुम्ही 'तीन वार'च्या सवयीनं घड्याळाच्या लिलावात बसलात. मला सांगा, पहिल्या दिवशी तुम्ही किती भरले होते?

गृहस्थ : चाळीस डॉलर.

प्रश्नाला प्रश्न : आणि जायची तयारी कितीपर्यंत होती?

गृहस्थ : सत्तरपर्यंत गेलो असतो.

उत्तर : कार्ड कितीला गेलं?

गृहस्थ : एक्केचाळीसला. एकच डॉलर वर.

उत्तर : मग बघा. तुम्ही पहिल्या दिवशी सत्तर लिहून झोपला असतात, तर त्या माणसाला चार सेकंदांत तुमच्या सत्तरच्या वर जावं लागलं असतं. त्याची मर्यादा किती होती, ते आपल्याला कधीच कळणार नाही. कदाचित तो शंभरपर्यंत गेला असता. मग कार्ड त्याचंच होतं, आणि तुम्हाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. कदाचित तो पंचेचाळीसलाच थांबला असता, आणि व्हिक्टोरिया टर्मिनस आज तुमच्या अल्बममध्ये असतं. तुम्हाला त्या माणसाचा राग येतोय, पण खरी चुटपुट तुम्ही न लिहिलेल्या त्या तीस डॉलरची आहे.

पोस्टकार्ड म्हणजे काही एकमेव वस्तू नव्हे, ते छापलेलं असतं. दुसरी प्रत कधीतरी निघेल. निघाली, की आधी कागदावर आकडा लिहा, आणि मग पहाटे उठायचं की झोपायचं ते ठरवा.